तिसरी खाच

माझ्या गळ्यात टेप असते, पण ती दाखवण्यापुरती. माप मी कागदाच्या पट्टीवर घेते. मला शिवण शिकवलं ते थोरल्या मावशीनं, आणि मावशीला आकडे वाचता येत नव्हते. ती खाकी कागदाची दोन बोटं रुंद, माणसाएवढी लांब पट्टी कापायची, गिऱ्हाइकाच्या अंगाला लावायची आणि कात्रीच्या टोकानं खाचा मारायची. छातीची पहिली, कमरेची दुसरी, खांद्यापासून घोट्यापर्यंतच्या लांबीची तिसरी. नावाऐवजी पट्टीला त्या कपड्याची चिंधी टाचलेली. मला आकडे येतात, पण हाताला लागलेलं वळण सुटलं नाही. बाहेरच्या खोलीत दोन मशिनं, एक आरसा, कपडे बदलायला पडदा, आणि भिंतभर खिळ्यांना लटकणाऱ्या पट्ट्या. नवी बाई आली की तिला वाटतं, मी माश्या पकडायचे कागद टांगलेत.

त्यातल्या एका खिळ्यावर फक्त माझ्या धाकट्या बहिणीच्या पट्ट्या होत्या. नऊ.

तिला आम्ही ढबू म्हणतो. चार वर्षांची असताना हे नाव पडलं आणि अंगाबरोबर वाढत गेलं. पुढे ती बारीक झाली तेव्हा मी म्हटलं, आता तरी नाव बदलू या. ती म्हणाली, "राहू दे ताई. एवढं एकच जुन्या मापाचं उरलंय, तेवढं अंगाला होतं."

नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तिनं वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. एकशे एकतीस किलो होती. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून भिंतीशी बोलायची, कोणी बघितलं तर फोनवर आहे असं वाटावं म्हणून. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराचा अंड्याएवढा कप्पा ठेवायचा, बाकीचं बाजूला, आणि आतडं पुढून आणून त्या कप्प्याला जोडायचं. मी म्हटलं, म्हणजे कमरेत घेतलं आणि बाही भलतीकडून जोडली. डॉक्टर हसले. मग हसणं आवरून त्यांनी सांगितलं, की ऑपरेशन दोन तासांत होईल, पण ते निभावणं जन्मभराचं आहे. अन्नातलं कॅल्शियम, लोह वगैरे जिथे शोषलं जातं तो रस्ताच आता वाटेत लागणार नाही. म्हणून गोळ्या जन्मभर आणि रक्ताची तपासणी दरवर्षी, काही होत नसलं तरी.

आम्ही दोघींनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं.

पहिल्या वर्षात तिचे छप्पन्न किलो गेले. ऑपरेशनच्या तारखेला ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, आज माझ्या पोटाचा वाढदिवस, मला ड्रेस शीव. तेव्हापासून आमचा दोघींचा तो रिवाजच झाला. दरवर्षी त्या तारखेला एक लांब ड्रेस, घोट्यापर्यंत. माप घेतलं की मी नवी पट्टी आणि ऑपरेशनच्या आधी घेतलेली पहिली पट्टी एकीला एक लावून धरायची. दोन्हींच्या गुंडाळ्या कमरेच्या खाचेपर्यंत उलगडायच्या, आणि दोन खाचांमधलं अंतर ढबूनं आपल्या वितीनं मोजायचं. दीड वीत. मग चहा. अख्खी पट्टी आम्ही कधी उलगडली नाही. पुढे बघायला काय होतं? लांबी तर कोणाची बदलत नाही.

ढबू औषधांच्या दुकानात आहे, अठरा वर्षं. आमच्या घरात उंची तिच्या वाट्याला आली आणि जीभ माझ्या, असं आई म्हणायची. दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरची खोकी ती स्टूल न घेता काढायची. जाड होती तेव्हाही. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्याकडे शिडी पगारी आहे.

पाचव्या वर्षी वजन थोडं परत आलं. सगळ्यांचंच थोडं येतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि काट्यावर उभं राहणं वेगळं. चार किलो, मग सात, मग अकरा. त्या वर्षी तपासणीची तारीख आली आणि तिनं दुकानात मालमोजणी आहे म्हणून ती चुकवली. पुढच्या वर्षी ताप होता. त्याच्या पुढच्या वर्षी कारणसुद्धा दिलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, की तिथे दारातून आत गेलं की आधी काट्यावर चढवतात, बसा म्हणायच्या आधी. आणि ती नर्स आकडा मोठ्यानं वाचते. बाकावर बसलेल्या सगळ्या बायका ऐकतात. "त्यांच्यात मी उदाहरण होते, ताई. माझा फोटो लावलाय भिंतीवर, आधीचा आणि नंतरचा. त्या फोटोखाली उभी राहून अकरा किलो कसे सांगू?"

पाचव्या वर्षीच माझ्याकडेही ती म्हणाली, यंदा पट्ट्या लावून बघायला नकोत. मी बरं म्हटलं. तिचं मन राखलं असं मला वाटलं. तेव्हापासून मी माप घ्यायची, खाचा मारायची, गुंडाळी करून खिळ्याला अडकवायची. जुनी पट्टी खाली काढलीच नाही.

गोळ्यांचंही तसंच झालं. कॅल्शियमच्या गोळ्या कोटाच्या बटणाएवढ्या असतात. त्या घशात अडकायच्या, पोट धरायचं. आधी तीनच्या दोन झाल्या, मग आठवण येईल तेव्हा एक, तीही चहाच्या घोटाबरोबर. ती दिवसभर दुसऱ्या बायकांना त्याच गोळ्या विकायची, जेवणानंतर घ्या, चुकवू नका म्हणून बजावायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिवाच अंधारात बसला होता. छातीत जळजळायचं त्यासाठी मात्र आम्ल मारायच्या गोळ्या ती लहान मुलं चॉकलेटं खातात तशा खायची, त्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

आता माझं सांगते.

पाचव्या वर्षीचा ड्रेस मी आदल्या वर्षाच्या पट्टीवर कापला होता, ती मापाला यायच्या आधीच, वेळ वाचावा म्हणून. घालून बघितला तर समोरून अर्धं बोट जास्त. मला वाटलं, कापड सैल विणीचं आहे, लोंबलंय. खालून दुमडला, जास्तीचं कापलं, आणि नव्या पट्टीवर तिसरी खाच त्या कापलेल्या ड्रेसच्या मापानं मारली. सहाव्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा ती सपाट चपला घालायला लागली होती, टाचांच्या सोडून. मी म्हटलं, चपलांमुळे. कापलं. सातव्या वर्षी छातीखाली आडव्या सुरकुत्या पडल्या, जसं आत कोणी कापड खालून वर ढकलतंय. मी तिला म्हटलं, ताठ उभी राहा, फोनमध्ये मान घालून घालून पोक काढलंस. तिनं खांदे मागे घेतले. थोडा वेळ राहिले. मी दोन टाके इकडचे तिकडे केले आणि पुन्हा खालून कापलं.

चाळीस वर्षं शिवतेय मी. कपडा अंगाला बसला नाही की चूक कपड्याची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. गिऱ्हाइकाच्या अंगाला नाव ठेवायचं नाही. मावशीनं मला एकदा कानफटात मारली होती, एका बाईला तुमचा एक खांदा उतरलाय असं मी तोंडावर म्हटलं म्हणून. तो धडा मी इतका पक्का गिरवला की स्वतःच्या बहिणीचं अंग डोळ्यांसमोर बदलत होतं आणि मी कापडाशी भांडत बसले.

बाकीच्या गोष्टी होत्याच. ढबूच्या पावलांना मुंग्या यायच्या. हाताची बोटं मध्येच आखडायची, मग ती दुसऱ्या हातानं एकेक सरळ करायची आणि म्हणायची, माझा पंजा रुसलाय. पाठ दुखायची, पण पाठ कोणाची दुखत नाही? मागच्या वर्षी मी दुकानात गेले तर ती स्टूलावर चढून वरच्या फळीवरचं खोकं काढत होती. मालक म्हणाले, शिडीला आता शिडी लागते. ती हसली आणि म्हणाली, तुम्हीच फळी वर सरकवलीत. फळी भिंतीत ठोकलेली होती. आम्ही तिघंही हसलो.

यंदा ती आली तेव्हा ऑपरेशनच्या तारखेला तीन आठवडे होते. तिच्या लेकीचं शिक्षण पूर्ण होत होतं, त्या समारंभाला घालायला तिला दुसऱ्या वर्षीच्या निळ्या ड्रेससारखाच ड्रेस हवा होता. अगदी तसाच, म्हणाली, त्यात मी सगळ्यात छान दिसले होते. मी खिळ्यावरून दुसऱ्या वर्षीची पट्टी काढली, निळी चिंधी टाचलेली. छाती-कंबर नव्यानं घेतली, आणि लांबी जुन्या पट्टीवरून कापली. कापड घट्ट विणीचं होतं, एक सूतही न लोंबणारं. मुद्दाम आणलं होतं.

पाच दिवसांनी, दुपारी, ती कच्ची शिलाई घालून बघायला आली. पडद्यामागून बाहेर आली ती दोन्ही हातांनी ड्रेस उचलून धरत. सोडला तेव्हा समोरचा काठ जमिनीवर पसरला. चार बोटं जास्त.

"हे काय, ताई," ती म्हणाली, "माझ्या नावावर दुसऱ्या कोणाचा शिवलास?"

मी खाली बसले, टाचण्या तोंडात धरल्या, आणि काठ वर दुमडायला हात घातला. सवयीनं. आणि हात तिथेच थांबला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काय बोलून गेले असते कोण जाणे. कापड लोंबणारं नव्हतं. ती अनवाणी होती, दुसऱ्या वर्षीही अनवाणीच मोजली होती, मी सगळ्यांना अनवाणीच मोजते, चपला हे नुसतं निमित्त होतं. मी वर बघितलं. खालून बघताना तिची हनुवटी फार जवळ वाटली. मी तिच्या कमरेवर हात ठेवला, कपडा सारखा करते असं दाखवून, आणि बोटांनी शेवटची फासळी शोधली. कमरेचं हाड आणि फासळी यांच्यामध्ये बाईच्या अंगाला चार बोटं जागा असते. शिंप्याला ती जागा ठाऊक असते, कापड कमरेत बसवायचा टक तिथेच घेतात. माझी दोन बोटंसुद्धा नीट मावली नाहीत.

मी म्हटलं, माझीच चूक झाली, ठेवून जा. ती गेली. मी दाराला कडी घातली, खिळ्यावरच्या नऊ पट्ट्या काढल्या आणि कापायच्या टेबलावर एकीखाली एक ठेवल्या, सगळ्यांची वरची टोकं एका रेषेत. या वेळी शेवटपर्यंत उलगडल्या. गुंडाळी होऊन बसलेला कागद सरळ राहत नव्हता, म्हणून टोकांवर कात्री, इस्त्री, बॉबिनचा डबा असं हाताला लागेल ते ठेवलं.

कमरेच्या खाचा धावत आत आल्या होत्या आणि शेवटी जरा बाहेर. त्याच्यासाठीच आम्ही एवढं सगळं केलं होतं. पण माझे डोळे उजवीकडे गेले. पहिल्या पाच पट्ट्यांची तिसरी खाच जवळजवळ एका रेषेत. मग सहावी किंचित आत. सातवी आत.  आठवी. नववी. उतरत्या पायऱ्यांसारख्या. मग कधी नव्हे ती गळ्यातली टेप काढली आणि धरली. सव्वादोन इंच. आणि पायऱ्या पुढे पुढे मोठ्या होत होत्या. आठव्या आणि नवव्या खाचेमधलं अंतर पाऊण इंच होतं, एका वर्षाचं. त्या हिशेबानं पुढची पट्टी कुठे संपेल ते मी टेबलावर बोट ठेवून बघितलं आणि बोट लगेच उचललं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. ढबूला मागच्या गोदामात नेलं आणि सांगितलं. पहिल्यांदा तिनं चेष्टा केली, की तुझे कागद ताणले असतील, उन्हाळ्यात खाकी कागद ताणतो. मी म्हटलं ताणला असता तर लांब झाला असता. मग म्हणाली, वय झालं, आई पण शेवटी शेवटी खुजी झाली होती. मी म्हटलं, आई एक्याऐंशीची होती, तू अठ्ठेचाळीस. मग ती चिडली. गोदामात बसायला एक खोकं होतं, त्यावर ती बसली. बसताना तिनं गुडघ्यांवर हात रोवले, ते मी पाहिलं.

"तिथे गेले की काट्यावर चढवणार," ती म्हणाली.

"चढ मग. काटा चावतो का?"

"तुला नाही कळायचं. तू कायम काडीच होतीस."

हे खरं होतं. मग ती जरा निवळली. म्हणाली, दुकानात मालमोजणी चालू होतेय, पंधरा दिवस, ती झाली की जाते. शपथ घेते हवं तर. तोवर गोळ्याही नियमानं घेते. मी म्हटलं, आजच चल. ती म्हणाली, नऊ वर्षांत नाही पडले, पंधरा दिवसांत काय पडतेय. आणि माझी हनुवटी धरून म्हणाली, ताई, तुझं तोंड बघ, जसं काही मीच मेलेय.

तिला आकडे कळत होते. तेव्हा सगळ्या पायऱ्या तिच्यापुढे टाकायला हव्या होत्या. पण मी तिला फक्त पहिली आणि शेवटची पट्टी दाखवली होती. मधल्या आणल्याच नव्हत्या. मधल्या दाखवल्या असत्या तर तिनं विचारलं असतं, की दरवर्षी कमी होत होतं तर तू काय करत होतीस. म्हणून मी पंधरा दिवसांना हो म्हटलं.

तेव्हापासून मी रोज सकाळी फोन करायचे, गोळी घेतलीस का. ती म्हणायची, घेतली, मास्तरीण. ड्रेस टेबलावर पडून होता. काठाला हात लावला नाही. बाकीची कामं करताना त्याच्याकडे पाठ करून बसायची, आणि पाठीला तो जाणवायचा. मशीनचा टाका सुटला, दोरा तुटला, की मी फोनकडे बघायची.

बाराव्या दिवशी, साडेअकराला, भाचीचा फोन आला. "मावशी, आईला दुकानातून हॉस्पिटलला नेलंय. पडली वगैरे नाही. नुसतं खोकं उचललं."

सलाइनच्या बाटल्यांचं खोकं होतं, जमिनीवरचं. जड नव्हे असं नाही, पण असली खोकी तिनं अठरा वर्षं उचलली होती. ती वाकली, उचललं, आणि मालकांनी पलीकडच्या रांगेतून आवाज ऐकला. त्यांना वाटलं, बाटली फुटली. ढबू खोकं हातात धरूनच हळूहळू खाली बसली. खोकं सोडलं नाही. म्हणे, सोडलं असतं तर माल फुटला असता.

मी पोचले तेव्हा तिला सपाट पाठीवर झोपवलं होतं आणि तिचा रंग धुवट कापडासारखा झाला होता. तिचा नवरा पायाशी उभा होता, भाची उशाशी. हाडांच्या आणि ग्रंथींच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी पाठीचा एक्स-रे उजेडावर लावला. आज मोडलेला मणका एक. त्याच्या वरचे दोन आधीच चेपलेले, जुने. केव्हा चेपले ते तिला कळलंही नव्हतं. ती पाठ दुखते म्हणून शेक घेत होती, ते हे. खुब्याचं हाडही विरलंय, त्या म्हणाल्या, पण अजून उभं आहे.

मग त्यांनी समजावलं. रक्ताला कॅल्शियम लागतंच, हृदय चालायला, हातपाय हलायला. पोटातून येत नसलं की शरीर ते हाडांतून काढतं. रोज थोडं. बाहेरून काही दिसत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे खालची शिवण उसवायची आणि त्याच दोऱ्यानं गळा शिवायचा."

"आणि माणूस गळाच बघतो," त्या म्हणाल्या. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "उंची कधीपासून कमी होतेय, कोणाला काही अंदाज?"

नवऱ्यानं भाचीकडे बघितलं. भाचीनं आईकडे. ढबूनं छताकडे. शेवटचं वजन कधी केलं ते तिला दिवस-वारासकट पाठ होतं. उंची ऑपरेशनच्या वेळी एकदा मोजली होती, पुढे कोणी विचारलीच नव्हती. तिथेही सगळे कंबरच बघत होते.

मी पिशवी उघडली. नऊच्या नऊ आणल्या होत्या. पलंगाच्या कडेला, तिच्या पायांवरच्या पांढऱ्या चादरीवर एकीखाली एक ठेवल्या आणि वरची टोकं तळहातानं दाबून धरली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. बोट तिसऱ्या खाचांवरून खाली खाली नेलं. सहावीपाशी थांबल्या.

"हे तुम्ही दरवर्षी मोजत होता?"

"हो."

"मग कमी होतंय हे दिसल्यावर काय केलंत?"

 मी खोटं बोलू शकले असते. कागद म्हातारे झाले होते, चिंध्या विटल्या होत्या, कोण तपासणार होतं?

"खालून कापलं," मी म्हटलं. "दरवर्षी. मला वाटलं, ड्रेस चुकला. मग वाटेनासं झालं, तरी कापलं."

 त्यांनी कागदावर लिहिलं, पाचव्या वर्षापासून. भाची माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. आवाज आला तो उशीवरून, दातांमधून, कारण मोठ्यानं बोललं की तिला कळ यायची.

"म्हणजे मी काटा चुकवला आणि तू कात्री चालवलीस," ढबू म्हणाली. "सख्ख्या बहिणी शोभतो."

तिच्या रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. गोळ्या बदलल्या. तिच्यासारख्या पोटाला आम्लाशिवाय विरघळणारं कॅल्शियम लागतं, ते वेगळं. ती इतकी वर्षं ज्या गोळ्या अधूनमधून गिळत होती त्या तिच्या पोटात धड विरघळतही नव्हत्या. जळजळीच्या गोळ्या चॉकलेटासारख्या खाणं बंद. हाडासाठी शिरेतून औषध, पण तेही आधी ही भर पडल्यावर, नाहीतर ते उलटतं. गेलेली उंची परत येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. आहे ती धरून ठेवायची. खुबा सांभाळायचा, तो मोडला तर सगळंच अवघड. दर तीन महिन्यांनी रक्त, वजन आणि उंची. वजनाचं नाव निघालं तेव्हा ढबूनं डोळे मिटले. त्या म्हणाल्या, मला तुमच्या किलोंशी भांडण नाही, औषधाचं प्रमाण ठरवायला लागतात. आणि आकडा मी मनात वाचते.

समारंभाला ती गेली नाही. भाची त्या कपड्यांतच आधी हॉस्पिटलमध्ये आली आणि आईला दाखवून गेली.

परवा तीन महिने झाले. ढबू पाठीला पट्टा बांधून रिक्षातून आली. बरोबर भाची होती, तिला मी चहा टाकायला आत पाठवलं. ढबू चपला काढून आरशापुढे उभी राहिली. भिंतीला हात लावून उभी राहते आता. दुकानात तिला खाली बसायचं काम दिलंय, बिलांचं. वरच्या फळीसाठी मालकांनी दुसरा उंच माणूस ठेवलाय. त्याला वस्तू सापडत नाहीत, ही खुर्चीतून सांगते, डावीकडे, आणखी डावीकडे. त्याला सगळे तिचं रिमोट म्हणतात.

मी खिळ्यावरून नववी पट्टी घेतली. तिच्या खांद्यावर वरचं टोक धरलं, छातीवरून खाली सोडली, आणि गुडघे टेकून घोट्यापाशी गेले. खाच घोट्याच्या हाडाच्या खाली गेली होती. मोडलेला मणका आणखी बसला असणार. किंवा अजून काही निसटत असणार. ते माझ्या कागदाला कळत नाही.

"ताई." वरून आवाज आला. "तितकीच आहे ना?"

माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या. मी मुद्दाम घेतल्या नव्हत्या.

"नाही," मी म्हटलं. "अर्धं बोट कमी."

 आत कपबशीचा आवाज झाला. आरशात तिचा चेहरा दिसत होता, पण ती आरशात बघत नव्हती, खाली माझ्या डोक्याकडे बघत होती. भिंतीवरचा तिचा हात सरकला आणि पुन्हा घट्ट टेकला.

"बरोबर मोजलंस?"

"दोनदा."

"मग मार खाच," ती म्हणाली. "उद्याच जाऊ. त्या बाईंना दोन्ही पट्ट्या दाखव. आणि आधी काट्यावर चढते म्हणून सांग, म्हणजे ते एकदाचं मागे पडेल."

मी नवी पट्टी घेतली, दहावी, आणि तिच्या घोट्यापाशी खाच मारली. मग निळा ड्रेस तिला घातला. तो तिनं टाकू दिला नव्हता. काठ जमिनीवर पसरला. या वेळी कापला नाही. साडेचार बोटं कापड सगळं आतल्या बाजूला दुमडून घेतलं आणि हातानं टाके घातले, सुटे, उसवता येतील असे. दोन पावलं चालून ती थांबली. म्हणाली, पायाशी फार जड लागतंय गं.

लागू दे, मी म्हटलं.